मिठू ओरडतो, मिठू चावतो... पण का?

मुलांनो, पोपटामुळे कुणाला पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागल्याचं तुम्ही कधी ऐकलंय का?

आपल्या महाराष्ट्रात असं घडलंय, आणि तेही दोनदा! २०२२ सालच्या ऑगस्ट महिन्यात पुण्यातल्या एका आजोबांनी खडकी पोलीस ठाण्यात तक्रार दिली. शेजाऱ्यांचा पोपट सारखा शिट्ट्या घालतो, ओरडतो, त्याचा त्रास होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. पोलिसांनी पोपटाच्या मालकाविरुद्ध अदखलपात्र गुन्हा नोंदवून घेतला.

त्याआधी, २०१५ च्या ऑगस्टमध्ये, चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याला तर आणखी मजेशीर प्रकार झाला. एका आजीबाईंची तक्रार अशी, की नातेवाइकाने आपल्या पोपटाला मुद्दाम शिव्या शिकवल्यात आणि मी दिसले की तो पोपट मला शिव्या देतो! मग पोलिसांनी काय करावं? त्यांनी पोपटालाच ठाण्यात हजर करायला लावलं. सगळे कान टवकारून बसले. पण पोपट गप्प! एक शब्द बोलेल तर शपथ. शेवटी त्याला वनविभागाच्या ताब्यात देण्यात आलं.

वाचून हसू येतं ना? पण जरा विचार करा. दोन्ही वेळा माणसं आपापली बाजू मांडत होती. पोपटाची बाजू मात्र कुणीच मांडली नाही. घरोघरी हेच चालतं. पिल्लू आणलं की पहिले आठ दिवस कौतुक. मग ते ओरडायला लागतं, बोटाला चावतं. की लगेच "फारच त्रासदायक आहे बुवा!" असं म्हणून पिंजरा मागच्या बाल्कनीत जातो. कुणी पिंजऱ्यावर चापट मारतं, कुणी चोचीवर टिचकी देतं, तर कुणी एक दिवस पिंजऱ्याचं दार उघडून मोकळं होतं. यातलं काहीच करायची गरज नसते. पिल्लू काय सांगतंय, तेवढं समजायला हवं.

ओरडणं म्हणजे हाक मारणं

पोपट हा थव्यात राहणारा पक्षी. संध्याकाळच्या वेळी आपल्या नाशिकमध्ये एखाद्या मोठ्या, जुन्या झाडाखाली उभे राहा. चारी दिशांनी पोपटांचे थवे येतात आणि अंधार पडेपर्यंत नुसता कलकलाट चालतो. सकाळी उडून जायच्या आधी पुन्हा तेच. "मी इथे आहे, तू कुठे आहेस?" असं ते एकमेकांना विचारत असतात म्हणा ना! रानात जो थव्यापासून तुटला, तो शिकारी पक्ष्याच्या तावडीत सापडायची भीती असते. म्हणून हाक मारणं आणि हाकेला ओ येणं, यावर पोपटाचा जीव अवलंबून असतो.

ही हाक किती खास असते, ते बघा. दक्षिण अमेरिकेतल्या व्हेनेझुएला देशात चिमणीएवढे हिरवे पोपट आहेत. २०११ साली त्यांच्यावरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं, की घरट्यातल्या प्रत्येक पिल्लासाठी आईबाप वेगळी हाक वापरतात. पिल्लू ती हाक शिकतं, थोडीशी आपल्या पद्धतीने बदलतं आणि मग तीच त्याची ओळख होते. म्हणजे आपलं बारसं झालं की नाव पडतं, तसंच की!

आता असं एखादं पिल्लू तुमच्या घरात एकटं पिंजऱ्यात आहे. तुम्ही सगळे त्याला दिसत असता. मग सगळे आतल्या खोलीत जेवायला गेलात. पिल्लाचा थवाच नाहीसा झाला! ते हाक मारणार नाही तर काय करणार? ओ आली नाही तर ते आणखी मोठ्याने ओरडणार. मग तुम्ही धावत येऊन "ए, गप्प बस!" म्हणून ओरडता. तुम्हाला वाटतं, आपण रागावलो. पिल्लाला वाटतं, "वा! आले की सगळे. आणि माझ्यासारखेच ओरडतायत!" दुसऱ्या दिवशी ते सुरुवातच मोठ्या आवाजाने करतं.

याशिवाय ओरडण्याची आणखी कारणं असतात. भूक, तहान, कंटाळा, मांजराची भीती, अपुरी झोप. कधी कधी आजारपणही.

चोच म्हणजे पोपटाचा हात

आता चावण्याकडे वळू. पोपट झाडावर चढताना नीट पाहिलाय? तो आधी चोचीने फांदी पकडतो, चाचपतो आणि मग पाय टाकतो. चोच हा त्याचा जणू तिसरा पाय आणि पहिला हात! रांगणारं बाळ जे दिसेल ते तोंडात घालतं, तसं पोपटाचं पिल्लू जे दिसेल ते चोचीत धरून बघतं. शर्टाचं बटण, पेन्सिल, कान आणि तुमचं बोटही.

तुम्ही बोट पुढे करता. पिल्लू त्यावर चढायच्या आधी चोचीने चाचपतं. तुम्हाला वाटतं, "आता चावणार!" आणि तुम्ही झटकन हात मागे घेता. पिल्लाच्या दृष्टीने काय झालं? फांदी हलली! मग पुढच्या वेळी ते फांदी घट्ट पकडतं. म्हणजेच तुमच्या बोटाचा कचकन चावा घेतं. इतकं साधं आहे हे.

खरा रागाचा किंवा भीतीचा चावा वेगळा. तो येण्याआधी पिल्लू बहुतेक वेळा सूचना देतं. अंग चोरून मागे झुकतं. पिसं अंगाला चापून बसवतं, नाही तर मानेवरची पिसं फुलवतं. चोच उघडून धरतं. मोठ्या पोपटांच्या डोळ्यांतली बाहुली भराभर लहान-मोठी होते. कॉकाटील असेल तर डोक्यावरचा तुरा मागे चपटा करून ते फुसकारतं. याचा अर्थ एकच, "आत्ता नको!" ही सूचना आपण ऐकली नाही, तर त्याच्याकडे चोचीशिवाय दुसरा उपाय राहत नाही. आणि सूचना देऊन उपयोग होत नाही हे एकदा कळलं, की काही पक्षी सूचना द्यायचंच सोडून देतात. मग घरातले म्हणतात, "अचानकच चावतो हो!"

अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग नावाच्या संशोधक बाईंनी १९७७ साली एक आफ्रिकन ग्रे जातीचा पोपट विकत घेतला. त्याचं नाव ॲलेक्स. २००७ साली तो वारला, तोवर सुमारे शंभर शब्द तो अर्थ समजून वापरायला शिकला होता. रंग ओळखायचा, आकार ओळखायचा, सहापर्यंत वस्तू मोजायचा. अभ्यासाचा कंटाळा आला की तो चक्क "परत जायचंय" असं इंग्रजीत सांगायचा! आपल्या घरच्या पिल्लाला हे शब्द येत नाहीत. म्हणून त्याचं झुकणं, फुलणं, फुसकारणं हेच त्याचे शब्द समजायचे. अर्थ न कळता घोकंपट्टी केली की आपण तिला पोपटपंची म्हणतो. पण पोपटाचं हे बोलणं अर्थासकट असतं, बरं का!

थांबा! पिंजऱ्यात कुठला पोपट आहे?

उपाय सांगायच्या आधी एक महत्त्वाची गोष्ट. लांब शेपटीचा, लाल चोचीचा, आपल्याकडचा हिरवा पोपट, ज्याला आपण राघू किंवा मिठू म्हणतो, तो वन्य पक्षी आहे. खांद्यावर लाल डाग असलेला मोठा करण पोपट, जांभळट-लाल डोक्याचा छोटा पोपट, हेही तसेच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे आपल्या देशातले हे पोपट पकडणं, विकणं, विकत घेणं आणि घरी पाळणं गुन्हा आहे. त्यासाठी कैद किंवा दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतं. "अहो, आमच्या आजोबांच्या काळापासून घरात पोपट आहे" असं म्हणून हा कायदा टळत नाही.

कायदा असा का, तेही समजून घ्या. हे पोपट झाडाच्या ढोलीत किंवा जुन्या भिंतीच्या बिळात अंडी घालतात. चोरटे लोक ढोलीत हात घालून, पंख न फुटलेली पिल्लं काढतात. टोपल्यांत, पिशव्यांत कोंबून ती शहरात आणतात. वाटेत कित्येक पिल्लं मरतात. जे वाचतं, ते आपल्या पिंजऱ्यात येऊन आईबापांना हाका मारतं, आणि आपण म्हणतो, "हा फार ओरडतो!"

घरात असा पोपट असेल तर काय करावं? पालकहो, कृपा करून त्याला गच्चीवरून उडवून देऊ नका. पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याला अन्न शोधता येत नाही, त्याच्या पंखांत पुरेसं बळ नसतं. कावळे त्याला पाच मिनिटांत घेरतात. वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर फोन करा आणि त्यांच्या सल्ल्याने पुढचं पाऊल उचला. तोवर त्याला मारू नका, उपाशी ठेवू नका.

मग पाळायचे कोणते? बजरीगर आणि कॉकाटील हे मूळचे ऑस्ट्रेलियातले पक्षी अनेक पिढ्या माणसाकडेच वाढलेले आहेत. बजरीगर १८४० साली जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने ऑस्ट्रेलियातून जिवंत इंग्लंडला नेले, आणि पुढे ते जगभर पसरले. आपल्याकडे दुकानात बहुतेक वेळा यांनाच 'लव्हबर्ड' म्हणून विकतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, थोडे जाडजूड आणि आखूड शेपटीचे. आफ्रिकन ग्रे, मकाव, काकाकुआ अशा परदेशी पक्ष्यांची सरकारकडे नोंदणी करावी लागते, हेही लक्षात असू द्या.

बजरीगरचं पिल्लू ओळखायची एक खूण सांगते. त्याच्या कपाळावरचे काळे पट्टे थेट चोचीपर्यंत आलेले असतात आणि डोळे पूर्ण काळे दिसतात. तीन-चार महिन्यांचं झालं, पहिली पिसं गळली, की कपाळ स्वच्छ होतं. आणि हो, स्वतः दाणे खायला न शिकलेलं पिल्लू "हाताने भरवा, लवकर माणसाळेल" म्हणून कुणी देऊ लागलं, तर घेऊ नका. घरी भरवताना घास श्वासनलिकेत जाऊन पिल्लू दगावू शकतं.

ओरडण्यावर उपाय : टिपणवही

आमच्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीकडे कॉकाटील होतं. "बाई, ते दिवसभर ओरडतं" ही तिची तक्रार. मी तिला एक वही करायला सांगितली. पानावर तीन रकाने : केव्हा ओरडलं, त्याआधी काय घडलं, त्यानंतर आम्ही काय केलं. सात दिवस फक्त लिहायचं.

आठव्या दिवशी वही उघडली तर काय! "दिवसभर" नव्हतंच मुळी. पहाटे आणि तिन्हीसांजेला थोडा वेळ, तो तर सगळ्याच पोपटांचा नियम. बाकीचं ओरडणं रात्री साडेआठला, सगळे जेवायला आत गेले की. आणि तिसऱ्या रकान्यात रोज एकच वाक्य : "दादा बाहेर येऊन ओरडला."

मग घरच्यांनी तीन गोष्टी ठरवल्या. एक, जेवताना पिंजरा दिसेल अशा जागी ठेवायचा. दोन, खोलीबाहेर जाताना एक ठरलेली शिट्टी वाजवायची, आणि पक्ष्याने तशी मंजूळ शिट्टी घातली की लगेच ओ द्यायची. तीन, कर्कश ओरडला तर कुणी बघायचं नाही, बोलायचं नाही. आवाज थांबून क्षणभर शांतता झाली, की जवळ जाऊन कौतुक करायचं. पहिले चार दिवस ओरडणं वाढलं! आई म्हणाली, "उपाय उलटला." पण तो उलटला नव्हता. दुकानात चॉकलेटसाठी हट्ट करणारं मूल आधी जास्तच रडतं, तसंच हे. अशा वेळी चौथ्या दिवशी आपण हार मानली, तर पक्षी शिकतो की चार दिवस ओरडलं की काम होतं. त्यांनी धीर धरला. साधारण तीन आठवड्यांत रात्रीचं ओरडणं जवळजवळ थांबलं.

मात्र एक पथ्य. दुर्लक्ष करायच्या आधी दाणापाणी आहे ना, मांजर आलेलं नाही ना, पाय कुठे अडकला नाही ना, हे बघायलाच हवं. खरी अडचण सांगणाऱ्याकडे पाठ फिरवायची नाही.

कंटाळा हाही मोठा शत्रू. रानात पोपटाचा बराचसा दिवस अन्न शोधण्यात जातो. आपण वाटीत दाणे ओततो, ते दहा मिनिटांत संपतात. मग उरलेला दिवस करायचं काय? ओरडायचं! म्हणून त्याला काम द्या. धुतलेली कोथिंबिरीची ओली जुडी पिंजऱ्यात टांगा. कडुनिंबाची ताजी डहाळी सोलायला द्या. कोऱ्या कागदाच्या पुड्यात थोडं राळं बांधून ठेवा, तो फाडत बसेल. आणि रात्री दहा ते बारा तास शांत झोप मिळू द्या. पिंजरा टीव्हीसमोर असेल आणि रात्री अकरापर्यंत मालिका चालू असतील, तर सकाळी पक्षी चिडचिडा होणारच. तुम्ही नाही का होत?

चावण्यावर उपाय : रोज पाच मिनिटं

पहिले काही दिवस पिंजऱ्याजवळ बसून नुसतं हळू आवाजात बोला. धडा वाचा, पाढे म्हणा! पक्षी निवांत दाणे टिपायला लागला, की राळ्याचं किंवा बाजरीचं कणीस जाळीतून धरा. त्यानंतर हात दारातून आत, कणीस बोटांत. तो कधी येईल ते त्याला ठरवू द्या. हात घाबरवतोय असं दिसलं, की एक पाऊल मागे या.

तो हातातून खाऊ लागला, की बोट आडवं धरा, त्याच्या पायांच्या किंचित वर, पोटाजवळ. "ये" म्हणा. त्याने चोचीने चाचपलं तर हात स्थिर ठेवा. चढला की लगेच एक दाणा आणि शाबासकी. सकाळी पाच मिनिटं, संध्याकाळी पाच मिनिटं, पुरे. आणि त्याला अजून हवंसं वाटतंय तोवरच खेळ थांबवा.

चावलाच तर? किंचाळू नका, हात झटकू नका, चोचीवर मारू नका. शांतपणे त्याला दांडीवर ठेवा आणि अर्धा मिनिट पाठ फिरवा. मग स्वतःला विचारा, कोणती सूचना माझ्या नजरेतून सुटली? पिसं गळण्याच्या दिवसांत आणि पक्षी वयात येताना तो थोडा चिडका होतो. तेव्हा त्याला जरा मोकळीक द्या.

माणसाळलेला पक्षी एकाएकी चावायला लागला, किंवा ओरडणारा एकदम गप्प झाला, पिसं फुलवून बसला, श्वासाबरोबर शेपटी वर-खाली हलवू लागला, तर तो आजारी असू शकतो. त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्या.

चौकट : हे लक्षात ठेवा

• मिरची खाल्ल्याने पोपट बोलत नाही. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही!
• ॲव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, खारट आणि तळलेले पदार्थ पोपटाला देऊ नका.
• नॉनस्टिक भांडं फार तापलं की निघणाऱ्या वाफेने पक्षी मरू शकतात. पिंजरा स्वयंपाकघरात नको.
• नुसत्या दाण्यांवर ठेवू नका. पालक, मेथी, गाजर, ढोबळी मिरची थोडी थोडी द्या.
• पिंजरा एवढा मोठा हवा, की पक्ष्याला दोन्ही पंख पसरून फडफडवता यावेत. एक बाजू भिंतीला टेकलेली असावी, म्हणजे त्याला सुरक्षित वाटतं.
• पक्ष्याला किंवा पिंजऱ्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवा. पोपटांपासून माणसाला होणारे काही आजार आहेत.

मुलांनो, घरी पक्षी नसला तरी तुम्हाला एक अभ्यास देते. या रविवारी संध्याकाळी आईबाबांना घेऊन जवळच्या एखाद्या जुन्या वड-पिंपळाखाली जा. पोपटांचा थवा कुठून येतो, साधारण किती जण असतात, आधी कोण ओरडतं आणि त्याला ओ कोण देतं, ते वहीत लिहा. सलग चार रविवार केलंत, तर पोपटांविषयी कुठल्याही पुस्तकात नसलेलं काहीतरी तुमच्या वहीत नक्की सापडेल. आणि ज्यांच्या घरी बजरीगर किंवा कॉकाटील आहे, त्यांनी आजच तीन रकाने आखायला घ्या. पेन्सिल मात्र पिंजऱ्यापासून जरा लांबच ठेवा!